पास कोणाच्या सहीचा? मेंढा (लेखा) गाव, सरकार आणि बांबू

जंगलातला माल गाडीत भरला की सोबत एक कागद लागतो. माल कोणता, किती, कुठून निघाला, कुठे जाणार, गाडीचा नंबर काय, परवाना कुठल्या तारखेपर्यंत चालणार, आणि सगळ्यात खाली सही-शिक्का. सरकारी भाषेत वाहतूक परवाना, बोलताना नुसतं टीपी. हा कागद नसेल तर नाक्यावर गाडी अडते, माल जप्त होतो, वर गुन्हा दाखल होतो. मेंढा गाव आणि सरकार यांच्यात २००९ ते २०११ या काळात जो वाद पेटला, तो या कागदावर खाली सही कोणाची, एवढ्या एका मुद्द्यावर होता. पण त्या सहीच्या मागे दीडशे वर्षांचा हिशोब होता. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो आहे.

मेंढा हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं गाव. शंभराच्या आसपास घरं, पाचशेच्या आतबाहेर माणसं, जवळून वाहणारी कठाणी नदी. लेखा या गट ग्रामपंचायतीत येतं म्हणून कागदोपत्री मेंढा (लेखा). पावसावरचा धान, उन्हाळ्यात मोहफूल, तेंदूपत्ता आणि चारोळी, पुढे हिरडा, आवळा, मध, आणि वर्षभर बांबू. घराचा कूड बांबूचा, वाडीचं कुंपण बांबूचं, सूप-टोपली बांबूची, ताटात वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी. बाहेरच्या माणसाला हे जंगल दिसतं. गावाला ते कोठार असतं.

या गावाची घोषणा महाराष्ट्रभर गाजली: "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." गोंडीत म्हणतात, "मावा नाटे मावा राज." कित्येकांनी हिचा दुसरा अर्धा भागच ऐकला आणि त्यात फुटीरपणाचा वास शोधला. पहिला अर्धा भाग नीट ऐका. दिल्ली आणि मुंबईतलं सरकार "आमचं" आहे असं हे लोक म्हणतात. ते मत देतात, संविधान मानतात. नक्षलवादी एका बाजूला आणि पोलीस दुसऱ्या बाजूला अशा जिल्ह्यात राहून ही घोषणा देणं सोपं नव्हतं.

मालक बदलत गेले

हा सगळा मुलूख पूर्वी चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ला. इंग्रजांच्या आधी चांद्याला गोंड राजे होते, नंतर भोसले आले, नंतर इंग्रज. १८५८ मध्ये मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, आणि २१ ऑक्टोबर १८५८ला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. उठाव दडपल्यावर जे राज्य आलं ते कायद्यांचं. १८६५ला पहिला वन कायदा, १८७८ला त्याहून कडक दुसरा, आणि १९२७चा भारतीय वन अधिनियम, जो आजही लागू आहे. जंगल सरकारचं; लोकांना जे मिळेल ती सवलत; आणि सवलत काढून घेता येते. तिन्ही कायद्यांचा मथितार्थ एवढाच.

धानोरा, मुरूमगाव, रांगी, कोटगल या भागांत मात्र जमीनदाऱ्या होत्या. १९३५च्या भारत सरकार कायद्याने त्यांना 'अंशतः वगळलेलं क्षेत्र' ठरवलं आणि स्वातंत्र्यानंतर हाच भाग संविधानाच्या, आदिवासी क्षेत्रांसाठीच्या, पाचव्या अनुसूचीत आला. जमीनदारीच्या काळात लोकांना वेठ होती, जाच होता, पण निस्तारही होता. निस्तार म्हणजे घरासाठी, शेतीसाठी, सरपणासाठी, गुरांसाठी जंगलातून हवं ते आणण्याचा गावाचा वहिवाटीचा हक्क. १९५१ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशाने जमीनदारी, मालगुजारी रद्द केली आणि ही जंगलं सरकारजमा झाली. निस्ताराची नोंद निस्तारपत्रकात राहिली, अंमल मात्र वनखात्याकडे गेला. जमीनदारी गेली याचा आनंद खराच होता. पण गावाला दिसलं ते असं की मालक बदलला आणि नवा मालक जास्त दूर राहतो. जमीनदार निदान माहितीतला होता. आता तक्रार करायची तर गार्ड, त्याच्या वर फॉरेस्टर, त्याच्या वर रेंजर, आणि त्याच्याही वरचा वनाधिकारी, डीएफओ साहेब, जिल्ह्याच्या ठिकाणी. जंगलातून लाकूड आणताना गार्डाला कोंबडी, अंडी द्यायची, त्याच्या घरचं काम फुकट करायचं, हा सगळ्या आदिवासी पट्ट्यातला ठरलेला शिरस्ता होता. साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो सांगेल.

इथे एक शब्दाचा मुद्दा येतो. इंग्रजीत ज्याला मूळ रहिवाशांचे हक्क म्हणतात, त्या भाषेत भारत सरकार बोलत नाही. २००७ मध्ये या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिलं, पण सगळेच भारतीय इथले मूळचे, ही भूमिका कायम ठेवून. संविधानात शब्द आहे 'अनुसूचित जमाती'. त्यामुळे आपल्याकडे हा वाद कोण आधी आलं यावर लढला जात नाही. तो लढला जातो निस्तार, दावा, पट्टा (हक्काचा कागद), गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल), टीपी असल्या शब्दांवर. हे शब्द रुक्ष वाटतील, पण आदिवासींचं आणि सरकारचं नातं जे काही आहे ते याच शब्दांत आहे.

बेट कसं तोडतात

बल्लारपूरच्या कागद कारखान्याला सरकारने या भागातला बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने, नाममात्र दराने दिला होता. गावकऱ्याला निस्तारातले मोजके बांबू, तेही मागून. कारखान्याला ट्रकच्या ट्रक. पण मेंढ्याच्या लोकांचा राग नुसता दरावर नव्हता. तोडण्याच्या पद्धतीवर होता, आणि तो समजून घ्यायला बांबूचं बेट, म्हणजे एकत्र वाढणाऱ्या बांबूंचा झुबका, जवळून पाहावं लागतं.

पावसाळ्यात बेटाच्या कडेने नवे कोंब वर येतात. तेच वास्ते. त्या वर्षीचे आणि गेल्या वर्षीचे कोवळे बांबू ठेवायचे, कारण बेट त्यांच्यावर जगतं. पक्का झालेला, तिसऱ्या वर्षापुढचा तोडायचा. तोही जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या लगेच वरून, म्हणजे उरलेल्या खुंटाच्या पोकळीत पाणी साचून तो कुजत नाही. जुने बांबू बेटाच्या मध्यात असतात, म्हणून एका अंगाने आत शिरायला वाट करायची आणि मधले काढायचे. याला वेळ लागतो, काटेरी फांद्या ओरबाडतात. नगावर मजुरी घेणाऱ्या आणि हंगाम संपला की दुसऱ्या मुलखात जाणाऱ्या मजुराला तेवढी सवड नसते. तो कडेचे कापतो. कडेचे म्हणजे कोवळे. दोन-चार हंगाम असं झालं की मध्यावर जुन्या, वाकड्या बांबूंची गर्दी आवळत जाते, नव्या कोंबाला जागा उरत नाही, आणि बेट बसतं.

हे ज्ञान वनखात्याच्या कार्ययोजनेतही लिहिलेलं असतं. फरक असा, की बेट बसलं तर कार्ययोजना लिहिणाऱ्याच्या घराचा कूड उघडा पडत नाही. मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे दिसतो. नुकसान ज्याचं होतं त्याच्या हातात निर्णय नव्हता.

कायद्याच्या आधीची वीस वर्षं

मेंढ्याची गोष्ट सांगताना बहुतेक जण थेट २००६च्या वनहक्क कायद्यावर येतात. ते चुकीचं आहे. कायदा आला तेव्हा गाव वीस वर्षं तयार होत होतं.

सुरुवात धरणांपासून. गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम अशी दोन मोठी धरणं प्रस्तावित होती. १९८४च्या सुमाराला 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे, लालश्याम शाह यांच्यासारखी माणसं पुढे होती आणि हजारो आदिवासी रस्त्यावर आले. धरणं थांबली. त्या आंदोलनातून परतलेल्यांत मेंढ्याचे देवाजी तोफा होते. चंद्रपूरच्या वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल याच काळात, सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घेणारं गाव शोधत, मेंढ्याशी जोडले गेले. तोफा गावातले, मोहनभाऊ बाहेरचे. मोहनभाऊंनी गावाचं नेतृत्व घेतलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ते अभ्यासाला बसले.

'अभ्यास गट' ही मेंढ्याची खरी शाळा. दर काही दिवसांनी बसायचं, ज्याला यायचं त्याने यायचं, एखादा कायदा, एखादी योजना, एखादा प्रश्न उलगडून पाहायचा. अभ्यास गट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. एक्कावन्न विरुद्ध एकोणपन्नास असं तिथे चालत नाही; एकाचाही विरोध असला तर निर्णय पुढे ढकलायचा, त्याचं म्हणणं ऐकायचं, पुन्हा अभ्यासाला न्यायचं. गावाची दारू बंद झाली ती अशाच लांबलेल्या बैठकांतून आणि बायकांच्या आग्रहाने. दारू नसेल तर देवाला काय वाहायचं, हा प्रश्न होता. पूजेपुरती मुभा आणि एरवी बंदी, असा मार्ग निघाला. मतदान घेतलं असतं तर निम्मं गाव हरलं असतं आणि दारू मागच्या दाराने परत आली असती.

गोटुलाचा प्रसंग याच काळातला. गोटूल म्हणजे गोंडांचं तरुण पोरापोरींचं एकत्र येण्याचं, शिकण्याचं, नाचगाण्याचं ठिकाण. गावाने ते पुन्हा उभारायचं ठरवलं आणि परंपरेप्रमाणे जंगलातलं सागवान आणलं. वनखात्याने ते बेकायदा ठरवून बांधकाम पाडलं, लाकूड नेलं. आसपासच्या गावांतून लोक जमले, त्यांनी मेंढ्याचं गोटूल पुन्हा बांधलं, आणि आपापल्या गावीही बांधायला घेतलं. खात्याला माघार घ्यावी लागली. एका लाकडी मांडवाची ही लढाई पुढच्या टीपीच्या लढाईची रंगीत तालीम होती असं म्हणायला हरकत नाही.

१९९०च्या दशकात राज्याने संयुक्त वनव्यवस्थापन आणलं, म्हणजे गाव आणि वनखातं मिळून जंगल राखण्याची योजना. योजना ओसाड, विरळ जंगलासाठी होती; मेंढ्याचं जंगल तर उभं होतं. गावाने हट्ट धरला की ज्याने जंगल राखलं त्याला बाहेर ठेवायचं, ही कसली योजना? अखेर त्यांना सामील करून घ्यावं लागलं. याच दशकात, २४ डिसेंबर १९९६ला, पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा आला. त्याने वस्ती-पाड्याच्या पातळीवरची ग्रामसभा मान्य केली. मेंढ्यात तशी ग्रामसभा आधीपासून भरतच होती.

दावा

वनहक्क कायदा २००६च्या डिसेंबरमध्ये संमत झाला, ३१ डिसेंबर २००७पासून लागू झाला, १ जानेवारी २००८ला नियम आले. भारताच्या कुठल्याही कायद्याच्या उद्देशिकेत सरकारने स्वतःकडून झालेला 'ऐतिहासिक अन्याय' अशा स्पष्ट शब्दांत क्वचितच मान्य केला असेल. वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही वनवासी जमातींचे हक्क नोंदले गेले नाहीत, असं संसदेने त्यात लिहिलं.

देशभर लोकांचं लक्ष लागलं ते वैयक्तिक पट्ट्याकडे, कसत असलेल्या जमिनीच्या सात-बाऱ्याकडे. मेंढ्याने सामूहिक हक्कावर भर दिला. कायद्याच्या कलम ३(१)(झ) नुसार गावाला आपल्या सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. दाव्याला पुरावे लागतात: निस्तारपत्रक, नकाशे, देवस्थानं, स्मशानं, जुने पाणवठे, वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब. ज्या गावाने वीस वर्षं स्वतःचे ठराव, नोंदी, हिशोब जपून ठेवले, त्याला हे पुरावे गोळा करायला जड गेलं नाही. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे, तिथून कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे गेला, आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. सोबत मारदा या दुसऱ्या गावालाही मिळाला. देशातली ही पहिली गावं.

झाड म्हणजे काय

हक्क मिळाला. आता बांबू विकायचा. गावाने खात्याकडे टीपी मागितला आणि खात्याने नकार दिला.

नकाराचं कारण एका व्याख्येत होतं. १९२७च्या वन अधिनियमात कलम २(७) मध्ये 'झाड' या शब्दात ताड, बांबू, खुंट, झुडपं, वेत यांचा समावेश केलेला आहे. बांबू झाड, म्हणून तोडलेला बांबू इमारती लाकूड, म्हणून त्यावर खात्याचा ताबा, आणि कलम ४१ खाली वाहतुकीचं नियमन राज्याच्या हातात. याउलट वनहक्क कायद्याच्या कलम २(झ) मध्ये गौण वनोपजाच्या यादीत बांबूचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि गौण वनोपजावर मालकीहक्क गावाचा. वनस्पतिशास्त्र सांगतं की बांबू गवताच्या कुळातला. एकाच सरकारचे दोन कायदे एकाच वस्तूला दोन नावं देत होते आणि नाक्यावरचा गार्ड जुन्या नावाने गाडी अडवत होता.

खात्याची बाजूही मांडतो, कारण ती सगळीच खोटी नव्हती. टीपी कोणीही देऊ लागला तर शेजारच्या राखीव जंगलातला चोरीचा बांबू गावाच्या पावतीवर बाहेर जाईल, ही भीती खरी होती. पण त्या भीतीवर उपाय म्हणजे मोजमाप, शिक्का, नोंदवही आणि तपासणी. ते सगळं ग्रामसभाही करू शकते. आणि खात्याच्या सहीच्या टीपीवर कधी चोरीचा माल गेलाच नाही, असं गडचिरोलीत कोणी छातीठोकपणे सांगेल असं मला वाटत नाही.

गावाने रस्ता अडवला नाही, दगड उचलला नाही. त्यांनी कायद्याचं पान पुढे ठेवलं आणि ते सोडलं नाही. विषय मुंबईत गेला, दिल्लीत गेला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबू गौण वनोपज आहे आणि ज्या गावांना हक्क मिळाले तिथे वाहतूक परवाना ग्रामसभेने द्यावा. महिनाभरात, २७ एप्रिल २०११ला, रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि त्यांनी टीपीचं पुस्तक देवाजी तोफांच्या हाती दिलं.

त्या दिवसाचे फोटो छापून आले, भाषणं झाली. मला त्यातलं ते पुस्तकच महत्त्वाचं वाटतं. १९२७पासून, किंबहुना १८७८पासून, त्या कागदावर खाली सही करणारा माणूस सरकारचा नोकर होता. पहिल्यांदा तिथे ग्रामसभेचं नाव आलं. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्काचे नियम सुधारून ही गोष्ट देशभरासाठी लिहिली गेली. १९२७च्या कायद्यातला 'बांबू' हा शब्द मात्र २०१७च्या नोव्हेंबरमध्ये अध्यादेश काढून वगळला, आणि तोही वनजमिनीबाहेर बांबू लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या सोयीसाठी असं सांगून.

पैसा आल्यावर

पहिल्याच मोठ्या विक्रीत ग्रामसभेचं उत्पन्न कोटीच्या घरात गेलं. गावातल्या कोणी आयुष्यात तेवढा आकडा एका पानावर लिहिलेला पाहिला नसेल. पैसा आल्यावर गाव फुटतं हा आपल्याकडचा सार्वत्रिक अनुभव आहे. मेंढा फुटला नाही, याला सर्वसहमतीची जुनी सवय आणि चोख हिशोब या दोन गोष्टी कारण आहेत असं मला वाटतं. गावाने निविदा काढल्या, ठेकेदाराशी करार केले, तोडणीची मजुरी स्वतः ठरवली, आणि कोणतं बेट यंदा तोडायचं नि कोणतं राखायचं ते आपणच ठरवलं. रोजगार हमीची कामं ग्रामसभेने स्वतः राबवली. त्याआधीच गावाने मध काढण्याची अहिंसक पद्धत शिकून घेतली होती: पोळं जाळायचं नाही, माश्या मारायच्या नाहीत, अंगभर पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापायचा, अळ्यांचा भाग तसाच ठेवायचा. पोळं जिवंत राहतं आणि पुन्हा भरतं. बांबूच्या बेटाला लावलेला विचारच इथेही लावलेला.

त्यांच्यापाठोपाठ गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले; देशात कुठल्याही एका जिल्ह्यात इतके क्वचितच मिळाले असतील. कोरची तालुक्यात गावांनी मिळून महाग्रामसभा केली आणि तेंदूपत्त्याचे लिलाव एकत्र करू लागले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर उलटं ठरवलं: तेंदूपत्त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात, म्हणून तेंदू तोडायचाच नाही, बांबूवर भागवायचं. वनखात्याच्या हाती असताना असा निर्णय कधी झाला असता का, हा प्रश्न खात्यातल्या प्रामाणिक अधिकाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

सगळीकडे असं झालं नाही. काही गावांत ठेकेदारांनी तेंदूचे पैसे थकवले. काही ठिकाणी हक्काचा कागद मिळाला पण ग्रामसभा बसायचीच नाही. दोन-चार शिकलेल्या पोरांनी ठेकेदाराबरोबर व्यवहार उरकले. सामूहिक हक्क मिळाल्याने समूह आपोआप तयार होत नाही, आणि मेंढ्याची वीस वर्षं शासकीय परिपत्रकाने दुसऱ्या गावाला देता येत नाहीत. प्रशिक्षणाच्या नावाने एका दिवसात चाळीस गावं उरकणाऱ्यांना हे सांगून सांगून मी थकलो आहे.

दिलेलं आणि राखून ठेवलेलं

सरकारने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने चाचपून पाहिलं, अशीही नोंद करावी लागेल. २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या वनखात्याने ग्रामवनाचे नियम आणले. १९२७च्या कायद्याखालची ही व्यवस्था, म्हणजे तेच जंगल, पण पुन्हा खात्याच्या छत्राखाली. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानेच त्यावर हरकत घेतली. भरपाई वनीकरणाच्या, म्हणजे जंगल तोडल्याच्या बदल्यात झाडं लावायला जमा होणाऱ्या, निधीचंही तसंच. २०१९च्या ऑगस्टमध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींच्या वर रक्कम दिली, ती गेली वनखात्यांकडे. जंगल राखायची जबाबदारी कायद्याने ग्रामसभेवर टाकली आणि पैशाची वाट मात्र जुनीच ठेवली. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला. देशभर हलकल्लोळ झाला आणि पंधरवड्यात, २८ फेब्रुवारीला, त्याच न्यायालयाने आदेश थांबवला. त्या पंधरा दिवसांत लाखो घरांना आपला पट्टा म्हणजे किती पातळ कागद आहे ते कळलं.

आणि याच जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यात, सूरजागड आहे. डोंगरात लोहखनिज, आणि त्याच डोंगरावर परिसरातल्या गावांचं ठाकूरदेवाचं ठाणं, जिथे दरवर्षी यात्रा भरते. खाण २००७ला पट्ट्यावर दिली गेली, २०१६पासून काम वाढलं, त्या डिसेंबरमध्ये नक्षलवाद्यांनी ट्रक जाळले, मग बंदोबस्त वाढला. आसपासच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. तोच जिल्हा, तोच पेसा, तोच वनहक्क कायदा. बांबूच्या टीपीवर ग्रामसभेची सही चालते. खनिजाच्या गाडीला ती लागत नाही. बांबूवरचा ताबा सरकारने गावासाठी सोडला कारण त्यात मोठा भाव नव्हता, आणि जिथे भाव आहे तिथे सरकार जुन्याच भाषेत बोलतं, असा निष्कर्ष मला नाइलाजाने काढावा लागतो.

मेंढ्याने स्वतः पुढचं पाऊल २०१३ मध्ये टाकलं. वनजमिनीवर सामूहिक हक्क आहे, मग शेतजमिनीचं काय? उद्या कोणी अडचणीत सापडून एकर-दोन एकर बाहेरच्याला विकली तर गाव पोखरलं जाईल. पुन्हा अभ्यास गट बसले, पुन्हा महिनोन्‌महिने चर्चा झाली, आणि गावाने १९६४च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपली सगळी शेतजमीन ग्रामसभेच्या नावे केली. कसायला ज्याची त्याच्याकडेच, मालकी गावाची. विनोबांच्या काळातला तो कायदा कपाटात पडून होता. तो वापरणारं गाव पुन्हा कोणी येईल असं महसूल खात्यालाही वाटलं नसावं. ग्रामदानी गावाला कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीचे अधिकार मिळायला हवेत. त्यासाठी गावाला वर्षानुवर्षं पत्रं लिहावी लागली, मंत्रालयात खेटे घालावे लागले, आणि शेवटी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावं लागलं.

मोहन हिराबाई हिरालाल २०२५च्या जानेवारीत गेले. मेंढ्याचे अभ्यास गट त्यांच्या आधारावर उभे नव्हते, ते त्यांनीच तसं ठेवलं होतं. ग्रामसभा आजही गोल करून बसते, बाया पोरांना मांडीवर घेऊन बोलतात, आणि एखाद्याचा "नाही" आला की विषय पुढच्या बैठकीला जातो.